पायी पुणेदर्शनाची शास्त्रोक्त पद्धत

जुन्या पुण्याचे एका दिवसात पायी दर्शन घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, या शहरात ‘पाहणे’ या क्रियापदाचा अर्थ समोर जे आहे ते न्याहाळणे असा नसून, समोर जे नाही ते एकेकाळी नेमके कोठे होते हे निश्चित करणे असा आहे. आग्रा-जयपूर पाहून आलेल्यांना ही पद्धत आरंभी जड जाते; तथापि सकाळी शनिवारवाड्यापासून सुरुवात केल्यास दुपारपर्यंत तिचा पुरेसा सराव होतो.

थोरल्या बाजीरावांनी १७३० साली पायाभरणी केलेल्या या वाड्याचा दिल्ली दरवाजा मात्र खरोखरच पाहण्याजोगा असून, हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून त्याच्या गंडस्थळाच्या उंचीवर ठोकलेले अणकुचीदार खिळे आजही शाबूत आहेत, आणि हल्ली शहरातील अन्य सर्व वाहने तेथवर पोहोचत असली तरी हत्ती तेवढा आलेला नाही. दरवाजातून आत गेल्यावर जोती, म्हणजे इमारतींचे जमिनीलगतचे दगडी चौथरे, एवढेच लागतात. कारण वरचे मजले १८२८च्या आगीत गेले. पर्यटकाने एखाद्या जोत्यावर उभे राहून फलक वाचावा, डोळे मिटावेत आणि मजले चढवीत जावे. मात्र मागे कोणी छायाचित्र काढत असल्यास बांधकाम तात्पुरते थांबवावे.

समोरच्या लाल महालात याच्या उलट परिस्थिती असून, तेथे इमारत आहे, पण ती महापालिकेने विसाव्या शतकात उभारलेली आहे; त्यामुळे १६६३ साली शाइस्तेखानाची बोटे ज्या खिडकीत तुटली ती खिडकी दाखवण्याचा आग्रह तेथे धरू नये.

यानंतर पूर्वेकडे सोमवार पेठेत त्रिशुंड्या गणपतीस जावयाचे असल्याने पत्ता विचारण्याचे शास्त्र येथेच सांगणे प्राप्त आहे. पत्ता नेहमी एकट्या माणसास विचारावा; दोघांस विचारल्यास जवळचा रस्ता कोणता यावर त्यांचे आपसांत जुंपते आणि विचारणारा निष्कारण पंच ठरतो. उत्तराचा प्रारंभ बहुधा प्रश्नाच्या दुरुस्तीने होतो (‘तिकडं कशाला जाताय?’ हाही दुरुस्तीचाच एक प्रकार होय), तिचा राग मानू नये. ‘सरळ जा’ याचा अर्थ रस्ता वळेल तसे वळत जा असा करावा.

त्रिशुंड्या गणपतीचे हे अठराव्या शतकातील दगडी मंदिर प्रस्तुत पद्धतीस सणसणीत अपवाद आहे. तीन सोंडांची व सहा हातांची मूर्ती उंदीर सोडून मोरावर बसलेली असून, दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला चक्क एक गेंडा कोरलेला आहे, आणि त्याला जखडणारे शिपाई इंग्रज असल्याचे मानतात. मुळा-मुठेच्या काठी हा प्राणी पाथरवटाला कोठून सुचला, या विचारात येथे अर्धा तास सहज मोडतो, व तो मोडू द्यावा.

दुपारी एक ते चार या काळाविषयी, तसेच पाट्यांविषयी, आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालणे अनुचित ठरेल, जेवून घ्यावे.

तिसऱ्या प्रहरी देवांच्या नावांचा अभ्यास करावा. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा ही नावे भक्तिभावाची नसून शेजाराची आहेत. पासोडी म्हणजे जाडेभरडे पांघरूण, आणि त्यांचा व्यापार देवळाजवळ चाले म्हणून विठोबा पासोड्या झाला. आता तेथे पासोडी मागणाऱ्यास दुकानदार ज्या नजरेने पाहतो, ती सहन करण्याची तयारी असावी. याच न्यायाने तुळशीबागेत तुळस शोधू नये. तेथे नारो आप्पाजींनी बांधवलेले राममंदिर आहे, पण त्याभोवती भांडी, बांगड्या व भातुकलीच्या दुकानांचे असे कडे पडले आहे की, रामाच्या दर्शनास निघालेली मंडळी पुष्कळदा किसणी घेऊनच परततात. किसणी चांगली निघते, हे नमूद करणे आवश्यक आहे.

दिवसाचा शेवट सारसबागेतील तळ्यातल्या गणपतीपाशी करावा. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनी केलेल्या विस्तीर्ण तळ्यातील बेटावर हा गणपती होता. तळे पुढे बुजले, बाग झाली, नाव मात्र तसेच राहिले. एव्हाना पद्धत अंगवळणी पडलेला पर्यटक हिरवळीवर बसून भेळ खाता खाता ते संपूर्ण तळे विनासायास पाहू शकतो. भेट हिवाळ्यात असल्यास मूर्तीच्या अंगात स्वेटर व डोक्यावर लोकरी टोपी आढळेल. ती मात्र कल्पनेने चढवलेली नसून खरी असते, आणि संध्याकाळी सातनंतर तशीच एखादी आपणही आणावयास हवी होती, असे बहुतेकांस वाटते.