चाकांवरचा पोटमाळा

पुतण्याने गृहकर्ज घ्यायचं नाही असं ठरवलंय. सीप्झला नोकरी, लग्नाची बोलणी चालू, आणि मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न नेहमीचाच: स्वतःची जागा आहे का? त्याने हिशोब मांडला. एक कोटी कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता ८६ हजारांच्या वर, फेड दोन कोटी आठ लाख. "काका, म्हणजे एक घर माझं आणि एक बँकेचं!" त्यापेक्षा जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यातच राहीन म्हणतो. अमेरिकेत राहतात म्हणे. टायनी हाउस.

टायनी म्हणजे किती, मी विचारलं. तिकडच्या बांधकाम नियमावलीत ४०० चौरस फुटांपर्यंत, तेही पोटमाळा सोडून. आई जपमाळ ठेवून हसायला लागली. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० फुटांची. म्हणजे त्या टायनीत आपली दोन बिऱ्हाडं राहून वर पाहुण्यांची गादी पडली असती. आणि झोपडीच्या बदल्यात सरकार जे फुकट घर देतं, ते ३०० फुटांचं. आपल्याकडे त्याला पुनर्वसन म्हणतात.

पोटमाळ्याचं तर मला सांगूच नका. घाटकोपरच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण. माझं लग्न ठरलं तसा वडिलांनी सुतार बोलावून माळा घालून घेतला. वर बसता यायचं, उभं राहता यायचं नाही. पँट आडवं पडूनच चढवायची. पंख्याचं पातं माळ्याच्या कडेपासून वीतभर, म्हणून शर्ट काढताना हात बेताने. शिडीची तिसरी पायरी करकरायची, त्यामुळे रात्री कोण कधी उतरलं याची बातमी खाली सगळ्यांना. कर्ज मात्र शून्य. याला मिनिमलिझम म्हणतात हे तेव्हा ठाऊक असतं, तर सासुरवाडीला तोंड वर करून जाता आलं असतं.

बिनकर्जाची दुसरी सोय म्हणजे संक्रमण शिबिर. तात्पुरतं म्हणून गेलेली माणसं तिथे नातवंडांच्या मुंजी लावतात.

तर ट्रॅव्हलर. मुंबईत पैसे घराला पडत नाहीत, घराखालच्या जमिनीला पडतात. घराला चाकं लावलीत तरी ती कुठेतरी टेकणारच ना? रस्त्यावर लावली आणि झोपेत टोइंगवाल्याने उचलली, तर सकाळी दूधवाल्याला पत्ता काय सांगायचा? मग पुतण्या पार्किंग शोधायला निघाला. दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच सांगितलंय की स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सोसायटीची. छान! तो बोरिवलीतल्या एका सोसायटीत गेला. सेक्रेटरी भले गृहस्थ. म्हणाले, पार्किंग सभासदालाच मिळतं. सभासद व्हायला फ्लॅट लागतो. फ्लॅटला कर्ज आम्हीच ओळखीने करून देऊ.

ट्रॅव्हलर सध्या मुलुंड चेकनाक्याजवळ एका गॅरेजवाल्याच्या मेहेरबानीवर उभा आहे, शनिवारपर्यंत. वाचकांपैकी कुणाच्या सोसायटीत रात्रीपुरती वीस फूट जागा असल्यास कळवावे. मुलगा निर्व्यसनी आहे.