बँडसॉवाले काका

निवृत्त माणसाला पुण्यात तीन वाटा मोकळ्या असतात: सकाळची टेकडी, संध्याकाळचा कट्टा आणि वर्तमानपत्राला पत्रं. पण पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात, टूलरूममध्ये हयात घालवलेल्या गृहस्थांचं एवढ्यावर भागत नाही. ते फंडाच्या पैशातून बँडसॉ, म्हणजे लाकूड कापायची यांत्रिक करवत, घेतात. गाडी रस्त्यावर येते, गॅरेजात यंत्र जातं आणि काकू त्या गॅरेजला 'सवतीची खोली' म्हणू लागतात.

या घरी पाहुण्याला चहाच्या आधी यंत्राचं दर्शन घ्यावं लागतं. "वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून फिरतो तो दात्यांचा अखंड पट्टा. चौदा इंची आहे बरं का!" चौदा इंच म्हणजे चाकाचा व्यास, हेही तेच सांगतात. मग इतिहास. इंग्लंडात विल्यम न्यूबेरीने 1808 साली या करवतीचं पेटंट घेतलं खरं, पण पट्ट्याचा सांधा काही टिकेना. पुढे 1846 मध्ये पॅरिसच्या क्रेपँ नावाच्या बाईंनी तो सांधायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं. इथे स्वयंपाकघरातून आवाज येतो, "म्हणजे शेवटी सांधायला बाईच लागली!" काका हल्ली हा भाग घाईने उरकतात.

काकांचा खरा धर्म मात्र सुरक्षितता. यंत्राजवळ जायचं तर घड्याळ, अंगठी, मफलर सगळं उतरवायचं आणि बाह्या कोपराच्या वर सारायच्या. दिवाळसणाला आलेल्या जावयाला त्यांनी "अंगठी काढा" असं फर्मावलं. ती अंगठी लग्नात त्यांनीच घातलेली. बिचारा गोरामोरा झाला. मग हातांना काही होऊ नये म्हणून त्याने मोजे चढवले, तर काका कडाडले, "यंत्र चालू असताना मोजे? मोज्याचं टोक पात्यात गेलं की पाठोपाठ हात जातो!" जावयाने मोजे काढले. तेवढ्यात पातं बदलायची वेळ आली आणि तो उघड्या हातांनी पुढे झाला. "अहो, मोजे कुठायत?" तीन वेढ्यांत गुंडाळलेलं नवं पातं सोडलं की फणा काढून अंगावर येतं, म्हणून तेव्हा मोजे हवेत. शिवाय आधी प्लग काढून तो डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा. पुढल्या दिवाळीत जावयाला ऑफिसचं फार काम निघालं.

प्रत्यक्ष कापणं चार मिनिटांचं, त्याआधीचे सोपस्कार अर्ध्या तासाचे. फळीवर पेन्सिल आडवी ठेवायची, पात्यावरचं गार्ड तिला जेमतेम टेकेल इतकं खाली आणायचं, घट्ट आवळायचं आणि पेन्सिल काढून कानावर खोचायची. म्हणजे फळी आणि गार्ड यांत सहा-सात मिलिमीटरचीच फट उरते. "जितकं पातं उघडं, तितकी बोटं नशिबाच्या हवाली," हे वाक्य इथे ठरलेलं. अंगठा पात्याच्या रेषेत कधी येऊ द्यायचा नाही आणि फळीचा शेवटचा तुकडा हाताने न ढकलता काठीने ढकलायचा. अशा ढकलकाठ्या काकांनी इतक्या बनवल्या आहेत की घरात तेवढ्या वस्तू त्यांनी कापलेल्या नाहीत. पातं अरुंद असेल तरच बारीक वळण घ्यायचं. वळणात पातं अडकलं तर चालू यंत्रातून फळी मागे ओढायची नाही. पातं चाकांवरून उतरतं. मध्येच लाइट गेली तर पहिल्यांदा बटण बंद, मगच महावितरणच्या नावाने बोटं मोडायची. तीही शाबूत असली तरच मोडता येतात, हे काका सांगायला विसरत नाहीत.

एकदा शेजारचे आजोबा आपली काठी घेऊन आले. "उंच होतेय हो, दोन इंच तेवढी छाटून द्या." काकांनी काठी हातात घेतली आणि दोन पावलं मागे सरकले. गोल लाकूड! नुसतं हातात धरून कापायला गेलं तर दाते त्याला पकडून गर्रकन फिरवतात आणि बोटं सोबत ओढतात. त्यासाठी व्ही आकाराची खाच पाडलेला ठोकळा हवा. तो बनवायला दोन रविवार गेले. तेवढे दिवस आजोबा सुनेच्या हाताला धरून फिरले. काठी मात्र झकास कापली गेली.

गंमत अशी, की गॅरेजात गॉगल आणि मास्कशिवाय बटणाला बोट न लावणारे हेच काका संध्याकाळी मंडईत जाताना हेल्मेट डिकीत ठेवतात, आणि हेल्मेटसक्तीविरुद्ध वर्तमानपत्राला खरमरीत पत्र लिहितात. डुगडुगत्या स्टुलावर चढून पंखाही पुसतात. सुरक्षितता गॅरेजच्या शटरपाशी संपते. यंत्रातून आजवर निघालं काय, तर एक चौरंग, दोन पाट आणि मोबाइलचे असंख्य स्टँड. नात्यातल्या प्रत्येक लग्नात आहेराला स्टँड ठरलेला. "बाजारात पन्नास रुपयांना मिळतो," असं काकू म्हणतात, आणि भुसा पडलेले वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला टाकतात.

एवढं सगळं असलं तरी काकांची दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत, आणि हा धाक नसता तर ती राहिली असतीच असं नाही. तेव्हा तुमच्या सोसायटीत असे काका असतील तर त्यांची खुशाल चेष्टा करा, पण त्यांचं एक ऐका: बटण बंद केल्यावरही पातं काही वेळ फिरत असतं. ते पूर्ण थांबल्याशिवाय भुसा झटकायला हात पुढे करू नका.