डाव्या हाताच्या चौकशा

दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं. आमच्या नगरच्या मंडळीत ही शिकवण शब्बाथ शाळेतल्या पोरांनासुद्धा पाठ होती आणि मोठ्यांनी ती अत्यंत भक्तिभावाने धाब्यावर बसवली होती. दानार्पणाचं गीत सुरू झालं की लांब दांडीची मखमली थैली बाकाबाकावरून फिरायची. डोळे मिटलेले, ओठांवर गीत आणि कान थैलीत. रुपया पडला की आठ आणे, हे आमच्या मावश्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. आवाजच आला नाही तर शक्यता दोन: नोट पडली किंवा काहीच पडलं नाही. यातलं नक्की काय घडलं, त्याचा निकाल उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर लागायचा.

त्या पायऱ्यांवर मी लहानाची मोठी झाले, शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि आता मुलाकडे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला माझं येणंजाणं असतं. आम्ही इथे ज्या चर्चला जातो तिथे थैली नाही. पडद्यावर काळा-पांढरा चौकोन येतो, लोक त्याच्यावर फोन रोखतात आणि खाली ठेवतात. काहींचं दान तर दर एक तारखेला बँकेतून परस्पर जातं. तिथे डाव्याचं सोडा, उजव्या हातालाही पत्ता नसतो. दोन हजार वर्षांत ही आज्ञा इतकी तंतोतंत कुणी पाळली नसेल. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं होतं. पुढच्या बाकावरचा तरुण मान खाली घालून फोनवर अंगठा फिरवत असतो. तो दशांश देतोय की मुंबई इंडियन्सचा स्कोअर बघतोय, हे डोकावल्याशिवाय कळत नाही. मी डोकावते.

दान गुप्त ठेवणं इथल्या सरकारला मात्र परवडत नाही. अडीचशे डॉलर किंवा त्याहून मोठी देणगी करपात्र उत्पन्नातून वजा करायची असेल, तर चर्चची लेखी पावती लागते. वर्ष संपलं की ती घरी येते. देणगीच्या बदल्यात तुम्हाला काय मिळालं, हेही तीत नमूद करावं लागतं. आणि चर्चचं उत्तर ठरलेलं असतं, की अमूर्त स्वरूपाच्या धार्मिक लाभाखेरीज काहीही दिलेलं नाही. त्या लाभाची किंमत सरकार धरत नाही. मी ते पत्र चष्मा पुसून दोनदा वाचलं. पापांची क्षमा, मनाची शांती, सार्वकालिक जीवनाचं अभिवचन, या सगळ्याची बेरीज शून्य डॉलर शून्य सेंट. तेच चर्चने देणगीच्या बदल्यात प्रत्येकाला महागडी मेजवानी दिली असती, तर ताटाची किंमत मांडावी लागली असती.

तसं अमेरिकेचं आणि आमचं देणंघेणं जुनं. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले, त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८३१ मध्ये नगरला त्याचं ठाणं पडलं आणि १८४२ साली नगरहूनच ‘ज्ञानोदय’ निघालं. आमच्या शाळा, दवाखाने उभे राहिले त्यात न्यू इंग्लंडमधल्या कुठल्या कुठल्या गावच्या बायाबापड्यांची नाणी होती. त्यांची नावं आम्हाला ठाऊक नव्हती. पण आमची बित्तंबातमी त्यांना होती. कारण मिशनरी लांबलचक पत्रं घरी धाडत आणि तिकडे ती मासिकात छापून येत. नगरला पाऊस झाला का, कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाला घराबाहेर काढलं, हे सगळं समुद्रापलीकडे वाचलं जाई आणि मग पुढच्या वर्षाची वर्गणी गोळा होई. चौकशी आणि वर्गणी यांचं नातं त्या लोकांनाही बरोबर उमगलं होतं.

आमचे रेव्हरंड टिळक याला अपवाद. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांची गीतं आम्ही अजून गातो, फ्रीमाँटमध्येही गातो. पण त्यांच्या हाती पैसा म्हणून टिकत नसे. त्यांच्या उजव्या हाताने काय दिलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना कळायचं, ते बहुधा घरखर्चाला काही उरलं नाही तेव्हा. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक लोक आत्मचरित्र म्हणून वाचतात, विनोदासाठी वाचतात. मला ते गुप्तदानाचं लेखापरीक्षणही वाटतं. कवी देऊन मोकळा होतो, जमाखर्च बाईला जुळवावा लागतो.

ती गीतं आम्ही गातो शनिवारी संध्याकाळी, आळीपाळीने एकेकाच्या घरी. फ्रीमाँट, न्यूअर्क, युनियन सिटी, मिल्पिटास अशी आसपासची काही मराठी घरं जमतात. पेटी खरी, तबला फोनमधला. नगर, जालना, पुणे इथले आम्ही प्रॉटेस्टंट. शिवाय वसईचं एक कॅथलिक कुटुंब. आणि सांगलीचे एक काका, जे ख्रिस्ती नाहीत, पण पेटी तेच वाजवतात आणि मिसळ असेल त्या शनिवारी आलाप जास्त घेतात. देशात ज्यांची चर्चं वेगळी, बेटीव्यवहाराला ज्यांच्या घरी आधी कुजबूज व्हायची, त्यांच्या चपला इथे एकाच दारात. पहिली अडचण आली ती प्रभूच्या प्रार्थनेत. राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाचं आहे, ही शेवटची ओळ आम्ही प्रार्थनेला जोडून म्हणतो. कॅथलिक तिथे जोडून म्हणत नाहीत. त्यामुळे वसईकर ‘आमेन’ म्हणून डोळे उघडायचे तेव्हा आम्ही अजून सामर्थ्यापर्यंतच पोचलेलो असायचो, आणि त्यांची नजर ओट्यावरच्या भांड्यांवर पोचलेली असायची. चारशे-पाचशे वर्षांचा हा वाद आम्ही परस्पर मिटवला: वसईकरांनी थांबायचं आणि पहिली पोळी त्यांनी घ्यायची.

मग प्रार्थना विनंत्या. नगरला असायच्या त्या पावसासाठी, पोरीच्या लग्नासाठी, दहावीच्या गणितासाठी. इथे देवाला इमिग्रेशन खात्याची कलमं ऐकावी लागतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीय माणूस वर्षानुवर्षं उभा असतो. कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, ते सरकार दर महिन्याला जाहीर करतं, आणि कधीकधी ती तारीख पुढे सरकण्याऐवजी मागे जाते. जुन्या करारात हिज्कीया राजासाठी देवाने सावली दहा पायऱ्या मागे नेली, तो चमत्कार मानला गेला. इथलं परराष्ट्र खातं आख्खी वर्षं मागे नेतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

या विनंत्यांचा एक पोटप्रकार आहे. ‘कुणाला सांगू नका हं, फक्त प्रार्थनेसाठी सांगते,’ असं म्हणून तो सुरू होतो. एरवी ज्याला चहाडी म्हणतील, ती या वाक्याने पवित्र होते. कुणाची नोकरी गेली, कुणाचा मुलगा कॉलेज सोडून गिटार शिकायला निघाला, कुणाचे रिपोर्ट चांगले आले नाहीत, हे सगळं या मार्गाने कळतं. नवी पिढी यावर नाक मुरडते. प्रायव्हसी नावाची वस्तू तिने इथे आल्यावर घराबरोबरच हप्त्यांवर घेतली आहे. माझी सून म्हणते, ‘आई, लोकांना कशाला सगळं कळायला हवं?’

कशाला, ते मी पाहिलंय. आमच्यातल्या एका तरुणाची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की साठ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात दुसरी नोकरी पाहा, काही तरी सोय लावा, नाहीतर देश सोडा. मुलगा मानी, कुणाला सांगेना. त्याच्या बायकोने बटाटेवड्याचं पीठ भिजवता भिजवता कुणाला तरी ‘फक्त प्रार्थनेसाठी’ सांगितलं. वडे तळून होईपर्यंत ते सगळ्यांना कळलं होतं. जेवणं उरकेस्तोवर त्याचा बायोडेटा चार कंपन्यांत पोचला, मुलीला शाळेत सोडण्याच्या पाळ्या ठरल्या, आणि वसईच्या बाईंनी डीप फ्रीझरमधली निम्मी सुरमई त्यांच्या गाडीत ठेवली. प्रार्थना देवाने ऐकली की शेजारी बसलेल्याने, याचा निवाडा धर्मपंडितांनी करावा.

चौकशी वाईटही असते, याची साक्ष याच गावात आहे. १७९७ साली स्पॅनिश पाद्रींनी इथे मिशन सॅन होजे स्थापन केलं. ओलोनी आणि आसपासच्या इतर मूळ रहिवाशांच्या उठण्या-बसण्याची, कामाची, प्रार्थनेची वेळ मिशनची घंटा ठरवू लागली. फादर दुरान यांनी त्यांच्यातूनच उत्तम वाद्यवृंद तयार केला, असं सगळे कौतुकाने सांगतात. पण बाप्तिस्मा घेतलेल्याला मिशन सोडून जायची मोकळीक नव्हती आणि साथींनी माणसं पटापट मेली. चौकशी वरून खाली आली की तिला हजेरी म्हणतात. मी बोलतेय ती आडवी चौकशी, बाकावरून बाकाकडे जाणारी.

तिचा उत्तम नमुना याच फ्रीमाँटमध्ये आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे सेंट पॉल युनायटेड मेथडिस्ट चर्च आणि इस्लामिक सोसायटी ऑफ ईस्ट बे या दोघांनी शेजारी शेजारी चर्च आणि मशीद बांधली. मधल्या रस्त्याला नाव दिलं पीस टेरेस. दोघांनी एकमेकांना गाड्या लावायला जागा मोकळी केली. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे सांगणं सोपं. शेजाऱ्याला पार्किंग द्या, हे पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत म्हणून पाहा. यासाठी शेजाऱ्याचं पंचांग पाठ असावं लागतं: त्यांची गर्दी शुक्रवारी, आपली रविवारी, त्यांची ईद कधी, आपला ईस्टर कधी. एकमेकांकडे बघायचंच नाही असं ठरवलं असतं, तर मध्ये रस्त्याऐवजी भिंत आली असती.

पण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा हंगामाच्या सणाला मिळाला. नगर जिल्ह्यात गावोगावच्या मंडळ्यांत या दिवशी लोक ज्वारी, बाजरी, भोपळे, अंडी, कोंबड्या देवाला वाहतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. घेणारा तीच वस्तू पुन्हा दान करतो आणि ती पुन्हा लिलावात येते. एकाच दुपारी तीनदा विकली गेलेली आणि दर वेळी भाव वाढल्याने अधिकच तोऱ्यात आलेली कोंबडी मी पाहिली आहे. आम्ही फ्रीमाँटमध्ये एका घराच्या मागच्या अंगणात हा सण केला. शेतं नव्हती, परसातली लिंबं आली, कुंडीतली मेथी आली, दुकानातून आणलेला नारळ आला. लिंबाच्या पिशवीला साठ डॉलर बोली लागली तेव्हा नातू माझ्या कानात म्हणाला, ‘आजी, यांना कॉस्टको माहीत नाही का?’

नारळ पुकारला, तेव्हा नोकरी गेलेला तो तरुण मागून म्हणाला, ‘पाच डॉलर.’

आता हे लिंबाला साठ देणारे लोक. पण एकाला अचानक बुटाची नाडी सुटलेली दिसली, एकीला कोशिंबिरीत मीठ घातल्याचं आठवेना, सांगलीच्या काकांनी पेटीचा भाता तपासायला घेतला. लिलाव पुकारणाऱ्याने एक वार, दोन वार, तीन वार एका श्वासात उरकलं. नारळ त्याचा झाला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि रिवाजाप्रमाणे पुन्हा टेबलावर ठेवला. मग मात्र अंगणात जी हातघाई झाली, तिच्यात नारळ शंभराच्या पुढे गेला.

आमची तोंडं त्या वेळी बंद राहिली, कारण आम्हाला सगळं ठाऊक होतं. गुप्ततेची शिकवण देणारा येशूही मंदिरातल्या दानपेटीसमोर बसून कोण काय टाकतं ते पाहत होता, असं मार्काने लिहून ठेवलंय. श्रीमंतांच्या मोठ्या रकमा त्याने पाहिल्या आणि गरीब विधवेची दोन नाणीही पाहिली. पाहून गप्पही बसला नाही. शिष्यांना जवळ बोलावून सांगितलं. तो भिडस्तपणे दुसरीकडे बघत बसला असता, तर त्या बाईची गोष्ट आपल्यापर्यंत आलीच नसती.

सुनेला मी हे सांगितलं. तिला ते पटलं असावं, कारण पुढच्याच शनिवारी तिने पहिल्यांदा स्वतःची विनंती मांडली: ‘आईंच्या परतीच्या प्रवासासाठी प्रार्थना करा.’ त्याच आठवड्यात मुलाने माझ्या मुक्कामाच्या मुदतवाढीचा अर्ज भरला होता. म्हणजे एकाच घरातून दोन अर्ज गेले, एक सरकारकडे आणि एक वर. खोलीत क्षणभर शांतता पसरली, मग सगळ्यांनी मोठ्या आवाजात प्रार्थना केली. रात्री घरी पोचेपर्यंत मला दोन-तीन घरांतून ‘आमच्याकडे या ना राहायला’ म्हणून निरोप आले होते. वसईच्या बाईंनी तर खोलीचा फोटोच पाठवला. सुनेला यातलं अजून काही माहीत नाही. तुम्हालाही फक्त प्रार्थनेसाठी सांगतेय.