उणे एक जीटी

आमच्या सोसायटीत त्याला सगळे ‘जीटी’ म्हणतात. गाडी अजून यायचीय, नाव मात्र आधीच पडलं. वय २३, नोकरी हिंजवडीत, पगार ४२ हजार, वाहन बाबांची ॲक्टिव्हा. लिफ्टची वाट बघत उभे असलो की हा शेजारी येऊन सुरू होतो, “काका, दीड लिटरचा टर्बो. १५० पीएस, २५० टॉर्क!” मला जायचं असतं फक्त चौथ्या मजल्यावर.

निगडी ते वाकड या पट्ट्यात दर सोसायटीत असा एक तरी जीटी असतोच. सनरूफचं नाव काढलं की तो नाक मुरडतो (“ते फॅमिलीवाल्यांना, काका”). ‘ॲव्हरेज काय देते?’ विचारणाऱ्याला तो दोन दिवस ओळख देत नाही. २०२२ साली पोलो बंद झाली तेव्हा आमच्या जीटीच्या स्टेटसला काळा चौकोन होता आणि त्याच्या आईला तीन घरांतून फोन आले, कोण गेलं म्हणून. व्हर्टस आणि स्लाव्हिया, दोन्हींचं इंजिन एकच, दोन्ही चाकणलाच बनतात. पण दोन्हींचा ‘फील’ कसा वेगळा, यावर तो टपरीवर एका कटिंगमध्ये पाऊण तास काढतो. भूमकर चौकात संध्याकाळी सहा वाजता १५० पीएसचं काय करणार, असं मी एकदा विचारलं. “पॉवर जवळ असावी, काका. वेळ येते.” तशी वेळ येईल ती एक्स्प्रेस-वेवर, तर तिथेही मोटारीला १०० ची मर्यादा आणि डोक्यावर कॅमेरे.

तर एका शनिवारी जीटी शोरूमला गेला. तिथे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘सर’ म्हणालं, कोल्ड कॉफी दिली. गाडी रस्त्यावर यायला २० लाखांच्या पुढे. पण सेल्सच्या पोरानं कॅल्क्युलेटर असा काही फिरवला की वीस लाख दिसेनासेच झाले. १५ लाख कर्ज, ७ वर्षं, ९ टक्के: महिन्याला २४ हजार आणि थोडे वर. उरलेल्या अठरा हजारांत पेट्रोल, विमा आणि जेवण. त्यातलं जेवण आईकडे. “डाउन पेमेंटचं बाबा बघतील,” जीटी म्हणाला. बाबांना हे अजून कळायचं होतं.

कळल्यावर तिघं मिळून बँकेत गेले. तिथे जीटीचा पॅन नंबर टाकला. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० च्या मधे असतो. जीटीचा आला उणे एक.

“बोर्डातसुद्धा इतके कमी नव्हते रे पडले,” बाबा म्हणाले.

बँकेतल्या बाईंनी शांतपणे समजावलं, “स्कोअर वाईट नाहीये, सर. स्कोअरच नाहीये. तुम्ही कधी कर्जच घेतलेलं नाही, मग फेडता की नाही हे आम्हाला कसं कळणार?” ही गोष्ट बाबांच्या पचनी पडेना. टेल्कोत तेहेतीस वर्षं काढलेला माणूस. फ्लॅट पीएफमधून आणि कामगारांच्या पतपेढीतून झालेला, ॲक्टिव्हा रोखीनं, क्रेडिट कार्डवाल्यांचा फोन आला की मागे वळून देवाला नमस्कार. कुणाच्या पाच पैशांत नाही, हे ते लग्नाच्या बैठकीत सांगत आलेले. आणि इथे तोच दोष निघाला.

“मी सही करतो जामीनदार म्हणून,” ते तिरीमिरीत म्हणाले. बाईंनी त्यांचाही पॅन टाकला. त्यांचाही उणे एक. कागदावर बाप-लेक दोघेही जन्मालाच आलेले नव्हते!

“आईंचा बघायचा का?” बाईंनी सहज विचारलं.

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिचा निघाला ७९१. बाबांनी दोनदा चष्मा पुसला. मग हळूहळू उलगडत गेलं: वॉशिंग मशीन, फूड प्रोसेसर, ओव्हन, जीटीचा बारावीतला लॅपटॉप, सगळं बिनव्याजी हप्त्यांवर, दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता. बाबा समजत होते, माहेरून येतंय.

जीटीचा चेहरा उजळला. “आई, तू को-ॲप्लिकंट हो ना!”

“मुळीच नाही. तुझा एक हप्ता चुकला की माझे ७९१ घसरणार. सात वर्षं जीव मुठीत धरून मी नाही बसायची.”

तिनं मार्ग मात्र दाखवला. २० हजारांची एफडी, तिच्यावर क्रेडिट कार्ड, लिमिट १८ हजार. “लिमिटच्या तीस टक्क्यांवर जायचं नाही. बिल आलं की पूर्ण भरायचं, ‘मिनिमम ड्यू’कडे बघायचंसुद्धा नाही. सहा महिन्यांत स्कोअर दिसायला लागेल.” बाबा हे ऐकताना खिडकीबाहेर बघत होते. घरात इतकी वर्षं एक सावकारी डोकं वावरत होतं आणि आपल्याला पत्ता नाही, असा काहीसा भाव.

सध्या जीटी पत कमावतोय. दूध, भाजी, आमच्या गणपतीची वर्गणी, सगळं तो कार्डावर द्यायला बघतो आणि खजिनदाराशी भांडतो. परवा पेट्रोल पंपावर माझ्या पुढेच होता, ॲक्टिव्हा घेऊन.

“दोनशेचं. ९५ ऑक्टेन टाका.”

पंपावरच्या पोरानं आधी गाडीकडे पाहिलं, मग याच्याकडे. “दादा, स्कूटर आहे ही.”

“माहितीय. सवय लावतोय.”

“गाडीला?”

“मला,” जीटी म्हणाला आणि कार्ड पुढे केलं.