अपडेटचे फर्मान

आजच्या जोयडा तालुक्याची नोंद सुपा पेठा म्हणून मुंबई इलाख्याच्या दप्तरात होत असे, त्या काळी रयतेच्या व्यवहारात फेरफार करावयाचा झाल्यास सरकार जाहीरनामा काढी, तो चावडीवर डकवी, दवंडी पिटवी आणि हरकतींसाठी मुदत ठेवी. हरकती ऐकून घेतल्यावर सरकार आपल्याच मनाप्रमाणे वागे ही गोष्ट निराळी, परंतु पूर्वसूचना देण्याइतकी मुरवत त्या परकीय अमलातही होती. मोबाइलवरील ॲपांच्या विद्यमान अधिपतींना ती अनावश्यक वाटते. रात्री निजतेसमयी जे बटण अंगठ्याखाली असते ते प्रातःकाळी अंतर्धान पावते, आणि गूगल प्लेने खुलाशासाठी पाचशे अक्षरांची ऐसपैस जागा दिली असताही ‘किरकोळ दुरुस्त्या व कार्यक्षमतेत सुधारणा’ एवढ्यावर खुलासा आटोपतो. बटण हलले ही किरकोळ दुरुस्ती, आणि ते सापडेनासे झाले ही कार्यक्षमता!

अशा फर्मानांची खरी शोभा पाहावयाची तर कर्नाटकातील या जोयडा तालुक्यातच यावे. व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात विखुरलेल्या या वस्त्यांत वाघाचा माग एक वेळ लागेल, नेटवर्कचा लागेलच असे नाही. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा, स्थळकाळाच्या नोंदीसह छायाचित्र काढून ॲपवर घेणे देशभर सक्तीचे झाले. आता कल्पना करावी की मजूर कुदळी घेऊन उभे आहेत, ऊन चढत आहे, हजेरी घेणाऱ्या कायकबंधूने, म्हणजे मजुरांच्या मुकादमाने, फोन उघडला आहे आणि पडद्यावर आज्ञा झळकली आहे : प्रथम अपडेट करा. त्याने टेकडी चढून ते उतरवून घ्यावे, तो जुना फोन नव्या आवृत्तीस अपात्र ठरावा, आणि दिवसभर मातीत राबलेला मजूर दप्तरी गैरहजर लागावा, याहून निर्दोष कारभार तो कोणता?

जोयडेकरांना अपडेट ही चीज अपरिचित आहे असे मात्र कोणी समजू नये. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरील सुपा गाव १०१ मीटर उंचीच्या धरणामागे बुडाले, तालुक्याची कचेरी जोयड्यास गेली, कित्येक विस्थापित रामनगरास वसले. त्या महान अपडेटमध्ये मागील आवृत्तीकडे परतण्याची सोय नव्हती. ॲपांचेही तसेच आहे. गूगल प्लेवर नवी आवृत्ती प्रथम थोड्या टक्के लोकांनाच देऊन, बिघाड दिसताच वितरण थांबविता येते. परंतु ज्यांच्या फोनात ती शिरली त्यांना गूगल प्ले जुनी आवृत्ती परत देत नाही. म्हणूनच शहाणा योजक आधी मूठभर लोकांवर प्रयोग करतो आणि तक्रारी वाचूनच पुढचे पाऊल टाकतो. अविचारी योजक सर्वांना एकदम बुडवितो आणि तक्रारींची संख्या पाहून ॲप लोकप्रिय असल्याचा अहवाल धाडतो.

आमची सूचना अल्प आहे. सुरक्षिततेची गंभीर बाब वगळता अपडेटची सक्ती करू नये. त्याचा आकार आटोपशीर ठेवावा, जुन्या फोनांना एकाएकी बडतर्फ करू नये, नेटवर्क नसताना केलेली नोंद फोनात जपून ठेवावी आणि बटण हलवावयाचे असल्यास आधी वर्दी द्यावी. एवढे करूनही शंका उरल्यास योजकाने स्वतः चार वर्षांपूर्वीचा फोन घेऊन ऐन पावसाळ्यात याच तालुक्यातील डिग्गी गावी मुक्काम करावा आणि आपलेच अपडेट तेथे उतरवून दाखवावे. ते उतरेपर्यंत त्याचा पगार मात्र त्याच ॲपवरील हजेरीप्रमाणे काढावा. ही एक अट मंजूर झाली, तर बाकीच्या सूचना अमलात आणण्यास परिपत्रकाची गरज पडणार नाही.