बेरीज जमेना

डेटाबेसमधला ब्लॉक खराब होतो म्हणजे काय होतं, हे बुलढाणा जिल्ह्यात समजावून सांगायला फार पाल्हाळ लावावं लागत नाही. 'लाइन गेली' म्हटलं की निम्मं काम होतं, मग ऐकणारा घाटावरचा असो की घाटाखालचा. उरलेलं निम्मं असं. ओरॅकल घ्या की पोस्टग्रेस, माहिती डिस्कवर उतरते ती बहुधा आठ-आठ केबीच्या ब्लॉकमध्ये. डिस्कला एवढा घास एकदम गिळता येत नाही. ती त्याचे लहान लहान तुकडे करून लिहिते. नेमकी तेवढ्यात लाइन गेली, यूपीएसनंही मान टाकली, की ब्लॉकचं डोकं आजचं आणि शेपूट कालचं. ओरॅकलवाले याला फ्रॅक्चर्ड ब्लॉक म्हणतात. मोडलेला हात निदान ठणकतो. हा मात्र कुणी वाचायला जाईपर्यंत ब्र काढत नाही. उन्हाळ्यात मोडलेला ब्लॉक दिवाळीत सापडतो, तोही कुणाला तरी जुनी पावती हवी असते म्हणून. आणि दर वेळी लाइनवर खापर फोडूनही भागत नाही. जुनी झालेली डिस्क, ढिली केबल, कंट्रोलरमधला दोष, असे आणखी वाटेकरी असतातच.

असा ब्लॉक ओळखायची युक्ती साधी आहे. लिहिताना त्यातल्या मजकुराची एक बेरीज काढून ब्लॉकच्या माथ्यावर टिपून ठेवायची आणि वाचताना पुन्हा काढून ताडून पाहायची. हा चेकसम. पोस्टग्रेसमध्ये तो २०१३ साली आला, पण ज्याला हवा त्यानं लावून घ्यावा अशा बेतानं. न मागता मिळू लागला तो २०२५ मध्ये, अठराव्या आवृत्तीत. मधली बारा वर्षं कशात गेली, असं विचारायचा मोह होतो. पण ज्या मुलखात भावाभावांची वाटणी त्याहून जास्त चालते, तिथल्या माणसानं हा प्रश्न विचारू नये.

बिघाड डिस्कवरच होतो असंही नाही. बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत ब्रसेल्समधल्या स्खारबेक इथं एका उमेदवाराला, मिळणं शक्यच नव्हतं इतकी मतं पडलेली दिसली. पुन्हा मोजल्यावर ४०९६ मतं जादा निघाली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. संगणकाच्या स्मृतीतला एकच बिट उलटला तर फरक पडतो तो असाच, दोनाच्या एखाद्या घाताएवढा. प्रोग्राममध्ये चूक सापडेना, तेव्हा अंतराळातून आलेल्या एखाद्या कणानं तो बिट उलटवला असावा, असा तर्क पुढे आला. आपल्याकडे हा तर्क कुणी हसण्यावारी नेऊ नये. आकाशातून आलेली वस्तू जमिनीचा हिशेब कुठवर बिघडवू शकते, ते बघायला लोणार आहे.

मला मात्र ही सगळी विद्या पटवाऱ्याच्या दप्तरातच जास्त नीट दिसते. सरकारदरबारी त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ठरलंय, त्याआधी तलाठी म्हणत. विदर्भातली गावं या दोन्ही नावांना हो म्हणतात आणि पटवारीच म्हणतात. तर या दप्तरात गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही. खरेदी असो, वारस असो, बोजा असो, बदल आधी या वहीत चढतो. हाताच्या सातबाऱ्याच्या काळात सातबाऱ्यावर तो पेन्सिलीनं टिपत. संबंधितांना नोटीस जायची, हरकतीची मुदत सरायची, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करायचे, आणि मग पेन्सिलीवर शाई फिरायची. 'आधी लॉग लिहा, मग मूळ माहितीला हात लावा' हा नियम डेटाबेसच्या पुस्तकांत मोठ्या थाटात शिकवतात. तो शिकवताना कुणी पटवाऱ्याचं नाव घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

बेरीजही तिथं आहेच. गटातल्या सगळ्या खातेदारांचं क्षेत्र मिळून सातबाऱ्याच्या एकूण क्षेत्राएवढं भरलं पाहिजे आणि ते आकारबंदाशी, म्हणजे मोजणी खात्याच्या क्षेत्राच्या नोंदीशी, जुळलं पाहिजे. हाताचे सातबारे संगणकात भरल्यावर कुठं कुठं ही बेरीज जमेना. म्हणून २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचनाची मोहीम झाली. घाटाखालच्या एका गावात पारावर असं वाचन चाललं होतं. पटवारी उन्हाकडे पाठ करून कागद वाचत होते, निम्मे लोक ऐकत होते, उरलेले चहा कुठपर्यंत आला ते बघत होते. एका गटाला बहात्तर आर जास्त भरत होते आणि चूक कोणत्या नावावर आहे ते कळत नव्हतं. "एक हेक्टर ऐंशी आर," पटवाऱ्यांनी एका नावापुढचं क्षेत्र वाचलं.

"थांबा साहेब," काठीवर हनुवटी टेकवून बसलेले एक आबा म्हणाले. "थे एक ऐंशी नाही. एक आठ हाये."

"आबा, तुम्हाले कसं माहीत?"

"मोजणीच्या वक्ताले साखळी म्याच धरली होती ना."

भरणाऱ्यानं शून्य आणि आठ यांची जागा बदलली होती, एवढंच. एक शून्य आठचं एक ऐंशी झालं आणि बहात्तर आर जमीन हवेतून पैदा झाली. ज्याच्या नावावर ती झाली होती, तो गृहस्थ तोवर चहाकडेच बघत होता. चेकसमची मर्यादा मला कुठल्याही मॅन्युअलपेक्षा त्या पारावर नीट कळली. बेरीज तुम्हाला 'काहीतरी चुकलंय' एवढंच सांगते. काय चुकलंय ते सांगायला साखळी धरलेला माणूस लागतो, किंवा बॅकअप.

बॅकअप असला की रीत ठरलेली आहे. चांगला होता त्या दिवसाचा ब्लॉक काढायचा आणि तेव्हापासूनचे बदल लॉगमधून क्रमानं त्यावर चढवत आजपर्यंत यायचं. महसुलात हेच काम जुने फेरफार एकाखाली एक मांडून करतात, आणि लेखनप्रमाद ठरला तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा आदेश होतो. डेटाबेसला हे मिनिटांत जमतं. महसुलातल्या वेळेबद्दल मी बोलत नाही, मलाही अजून एक वारस नोंद करायची आहे. गोची होते ती बॅकअप नुसता 'आहे' असतो तेव्हा. रोज रात्री इमानानं घेतलेला, एकदाही उघडून न पाहिलेला. आणि नीट तपासून न घेतलेली नक्कल खराब ब्लॉकही तितक्याच इमानानं उतरवून घेते.

बॅकअपच नसेल तर उरतो तो पोटखराबा. शेतात नाला, खडक, पायवाट असली की तेवढं क्षेत्र लागवडीला नालायक म्हणून वेगळं लिहितात आणि बाकीचं शेत पेरतात. ओरॅकललाही असंच सांगता येतं: हा ब्लॉक बाद समज, ओलांडून पुढं जा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर यासाठीच्या पर्यायाचं नावच 'रिपेअर अलाउ डेटा लॉस' असं आहे. ऑपरेशनआधी नातेवाइकांची सही घेतात, तसला हा कागद. नाव ठेवणाऱ्याच्या सरळपणाचं मला कौतुक वाटतं. इतकं खरं बोलणारं सॉफ्टवेअर विरळा.

याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथं शेतात घट मांडतात. गोलात अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यावर घागर, पापड, कुरडई, विड्याचं पान. रात्रभर तिथं कुणी जात नाही. पहाटे कोणता दाणा जागचा हलला, कोणता बाहेर पडला, पान सरकलं का, यावरून पाऊसपाणी आणि पिकाचं भाकीत सांगतात. भाकितावर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझं कौतुक वेगळं आहे. रात्रीतून काय हललं ते तिथं दिवाळीपर्यंत थांबून नाही, दुसऱ्याच पहाटे, सगळ्यांदेखत वाचलं जातं. एवढं वाचन आमच्या सर्व्हरच्या वाट्याला आलं, तर निम्मे खराब ब्लॉक वेळेत सापडतील. फक्त आमच्यापैकी कुणाला त्या रात्री राखणीला बसवू नये. तूर हललेली दिसताच तो कालची प्रत काढून दाणा होता तिथं नेऊन ठेवील, आणि पहाटे जमलेल्या शेतकऱ्यांना सांगेल की यंदा काहीच झालेलं नाही.