नवविश्वासणाऱ्यांसाठी साक्षीचे सोपे धडे

ज्यांना प्रभू नुकताच भेटला आहे आणि ही बातमी आज संध्याकाळच्या आत सगळ्या सोसायटीला कळवायची आहे, अशांसाठी हे धडे आहेत. जुन्या विश्वासणाऱ्यांनी वाचायला हरकत नाही. मात्र वाचताना 'हे आम्हाला संडे स्कूलमध्येच शिकवलं होतं' असं पुटपुटू नये. नगर, पुणे, जालना, कोल्हापूर, कुठल्याही मंडळीत हे चालतील. वसईच्या वाचकांनी पाळकांच्या जागी फादर वाचावं.

धडा पहिला : साहित्य

पवित्र शास्त्र एक. घरात आजीचं असेल तर तेच घ्यावं, पानांच्या मध्ये वाळलेली झावळी आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका फुकट मिळते. नवं घ्यायचं तर बायबल सोसायटीचं घ्या, किंवा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल', ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चेनचं कव्हर घ्यायला मनाई नाही. पण ती चेन रविवारी सकाळी उघडून दुपारी बंद होणार असेल, तर साधं घेतलेलं बरं, स्वस्त पडतं.

हायलायटर एका रंगाचा पुरे. पहिल्याच आठवड्यात रोमकरांस पत्र पूर्ण पिवळं झालं, तर दुसऱ्या आठवड्यात खुणा कशावर करणार?

'उपासना संगीत' एक. गाता येत नसेल तरी घ्या, मागच्या बाकावर बसा आणि नारायण वामन टिळकांची गीतं शोधा.

धडा दुसरा : वाढ

नवविश्वासणाऱ्याची वाढ फार झपाट्याने होते, असं त्याचं स्वतःचं मत असतं. पहिल्या महिन्यात त्याला पाळकांचा संदेश उथळ वाटू लागतो. दुसऱ्यात पंच कमिटी देहस्वभावाची वाटते. तिसऱ्या महिन्यात सगळी मंडळीच थंड आहे असं ध्यानात येतं. चौथ्यात कुणाच्या तरी गच्चीवर कीबोर्ड आणि दोन स्पीकर लावून नवी संगती सुरू होते, तिचं नाव इंग्रजी असतं.

हा वेग ज्यांना कमी वाटतो, त्यांनी पंडिता रमाबाईंचा अभ्यासक्रम बघावा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली, म्हणजे बुद्धीचा प्रश्न नव्हता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला. आणि पुढे बाईंनी स्वतःच लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं लागली. आपल्याकडे बाप्तिस्म्याआधीचा वर्ग सहा रविवारांचा असतो, आणि त्यातही एका रविवारी क्रिकेट असतं.

या आठ वर्षांत त्या काय करत होत्या? भांडत होत्या. वाँटेजच्या धर्मभगिनींशी त्रैक्यावर वाद, चर्चच्या अधिकारावर वाद. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असाही एक वाद झाला. शाकाहार सोडला नाही म्हणून अहंकाराचा ठपका आला, तोही अंगावर घेतला. एवढं करून त्या मायदेशी आल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे दुष्काळातल्या पोरीबाळींसाठी केडगावचं मुक्ती सदन उभं केलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणायला घेतलं. छपाईची कामं मुक्तीतल्या बायकाच करत. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

तेव्हा सराव असा : रोज थोडं वाचा. न पटलेलं वहीत लिहा आणि बुधवारच्या प्रार्थना सभेनंतर पाळकांना गाठा. प्रश्न विचारणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं कुणी म्हणालं तर त्या व्यक्तीला नम्रपणे केडगावला जाणाऱ्या गाडीचं वेळापत्रक द्या.

प्रार्थनेची कृती मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे : खोलीत जायचं आणि दार लावायचं. दार लावल्यावर आतून सेल्फी काढावा का, याबद्दल शास्त्रात स्पष्ट मनाई नाही, पण एकंदर सूर विरोधी दिसतो.

धडे तिसरा ते पाचवा : व्हॉट्सअ‍ॅप

पाठवू नका. (तिन्ही धडे संपले.)

धडा सहावा : बोलावं कसं

आपल्यात एक खास बोली चालते. 'प्रभूने माझ्यावर ओझं घातलं', 'दार उघडलं', 'कोकऱ्याच्या रक्तात धुतलो गेलो'. मंडळीत हे कानाला गोड लागतं. तेच लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकांना ऐकवलं, तर ओझं म्हटल्यावर काका कर्ज समजतात आणि रक्त म्हटल्यावर पुढच्या मजल्यावर उतरतात.

यावर चारशे वर्षांपूर्वी उपाय निघालेला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची तक्रार होती की धर्माचे धडे मिळाले, पण आधी जशी पुराणं होती तसं वाचायला काहीच नाही. फादरनं ओवी हाती घेतली आणि 'क्रिस्तपुराण' रचलं, दोन भाग, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. १६१६ साली ते रायतूरला छापलं गेलं. या प्रकरणात नवशिक्यानं टिपून ठेवायचा तो क्रम : लोकांनी आधी मागितलं, मग फादरनं लिहिलं. तेही जन्मभाषेत नाही, मागणाऱ्याच्या भाषेत आणि मागणाऱ्याच्या छंदात.

नारायण वामन टिळकांनी हेच पुढे नेलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत, आणि आल्यावर त्यांनी पूल पाडला नाही. भजनं लिहिली, अभंग लिहिले. नगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी टाळ-मृदंगासह येशूची आख्यानं लावली. आज आपल्या तरुण संघाला मृदंग जुनाट वाटतो आणि ड्रमसेट आत्मिक वाटतो. हा चवीचा प्रश्न आहे, मी वाद घालत नाही. फक्त गावात ड्रमसेट लागला की लोक खिडक्या लावून घेतात, एवढं नोंदवतो.

धडा सातवा : पाणी प्या

हा धडा लहान दिसतो, पण इथेच बहुतेकजण नापास होतात.

योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी दमून विहिरीवर बसतो आणि शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो. तिच्या लोकांशी यहुदी शिवाशीव पाळायचे. जिवंत पाण्याचं प्रवचन नंतर येतं. सुरुवात देण्यापासून होत नाही, मागण्यापासून होते, आणि तेही जिच्या हातचं चालत नाही तिच्याकडे मागण्यापासून. बाई चकित होते आणि विचारते की तुम्ही माझ्याकडे कसं काय मागता? पहिला प्रश्न तिचा आहे.

हा प्रसंग महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. विहीर, बाई, कोण कुणाच्या हातचं पाणी पितं. एवढ्या शब्दांत अर्धा इतिहास येतो. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं कशी गेली हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. आधी ताटातूट, मग एकत्र येऊनही बाई आपलं सोवळं सांभाळून. त्यांना कुणी वादात हरवलं नाही, टिळकांनीही नाही. टिळक तर हातातला पैसा घरी पोचायच्या आत वाटून टाकणारे, त्यांच्या तोंडून उपदेश ऐकण्यापेक्षा त्यांना बाजाराला न पाठवणं हेच त्या घरातलं मोठं काम. आधी गळून पडला तो विटाळ, कुणाच्याही हातचं खायला-प्यायला हरकत नाही हा निश्चय झाला, बाप्तिस्म्याचं पाणी त्यानंतर. ज्यांना वाटतं की क्रम उलटा असतो, त्यांनी पुस्तक वाचावं. नवऱ्याची इतकी प्रेमळ चेष्टा मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल. टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे याच बाईंनी लिहीत नेलं.

प्रात्यक्षिक : शेजाऱ्याकडे काहीतरी मागायला जा. विरजण, शिडी, मुलाला गणित शिकवणारी बाई. नवविश्वासणाऱ्याला देण्याचा भारी उत्साह असतो, पत्रकं द्यायची, प्रार्थना द्यायची, सल्ला द्यायचा. त्यानं आयुष्यात एकदाही कुणाकडे विरजण मागितलेलं नसतं. आणि हो, गणपतीत शेजारच्यांनी बोलावलं तर प्रसादाबद्दल तुमचं जे मत असेल ते असो, पण दारातच पौलाचं करिंथकरांस पत्र उलगडू नका. बसा, त्यांच्या म्हातारीची तब्येत विचारा. नाताळात करंज्यांचं ताट त्यांच्याकडे जाईल तेव्हा त्यांनीही आत बोलवावं, अशी तुमची इच्छा आहे ना?

धडा आठवा : प्रत्यक्ष साक्ष

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, सूचना दिलेली आहे. तुमच्या आशेचं कारण जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, आणि ते सौम्यपणे, आदरानं द्या. सूचना नीट वाचा. 'जो विचारेल त्याला' असं आहे. एसटीत शेजारी बसला आहे आणि वल्लभनगरपर्यंत उतरू शकत नाही, हे विचारणं धरलं जात नाही.

प्रवासातल्या साक्षीचा उत्तम नमुना १८९३ चा आहे. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ. बोलणं सुरू झालं ते काव्यावर, मग धर्मावर. त्यानं टिळकांचं म्हणणं ऐकून घेतलं, एक नवा करार हाती दिला, वाचा म्हणाला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला. (हे शेवटचं वाक्य नवशिक्यांनी उच्चारू नये. प्रत्येक डब्यात टिळक नसतात.) टिळकांनी वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनात अडकले. त्या गृहस्थानं फोन नंबर घेतला नाही, रोज वचन पाठवलं नाही, 'मग काय ठरवलंत?' असं विचारायला घरी आला नाही. पुस्तकावर एवढा भरवसा ठेवणारे लोक आता कमी राहिले.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. घटनेच्या २५ व्या कलमानं धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क सगळ्यांना दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. या निकालावर आपल्या मंडळींत नाराजी आहे. माझ्या मते नवशिक्याला तो सोयीचा आहे. दुसऱ्याला बदलणं हे तसंही तुमच्याकडे सोपवलेलं काम नव्हतं. आजाऱ्याला डबा द्यायचा असेल तर डबा द्या, डब्याबरोबर फॉर्म देऊ नका. फॉर्म दिलात की डबा गेला आणि साक्षही गेली.

धडा नववा : हिशेब

संमेलनातून परतलेला कार्यकर्ता विचारतो, 'यंदा किती आत्मे?' त्याला मुंबईचा ताळेबंद दाखवा. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना घातला. मिशननं १८२४ साली मुलींची शाळाही सुरू केली. बाप्तिस्म्यांचा आकडा बघाल तर कित्येक वर्षं बोटांवर मोजण्याइतका. हॉल १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्यानं गेला. आजच्या वार्षिक अहवालाच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे काय भरणार? त्याच मिशनचं 'ज्ञानोदय' १८४२ साली निघालं आणि टिळकही पुढे याच मिशनच्या पंगतीला आले, पण ते भरायला तक्त्यात रकाना नाही.

आणि शेवटी टिळकांनीच रकाने आणखी बिघडवून ठेवले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त चालणार होते. कारकुनाच्या दृष्टीनं हा अनर्थच.

धडा दहावा : सराव

शेजाऱ्याला मंडळीत आणायचंच असेल तर उद्दीपन सभेला आणू नका. तिथे वक्ता परगावचा असतो, घड्याळ त्याच्या गावीच राहिलेलं असतं. सुगीच्या उपासनेला आणा.

उपासना संपली की वेदीपुढचं सगळं अंगणात येतं : ज्वारीची कणसं, भोपळे, पेंड्या बांधलेली मेथी, कुणाच्या परसातली पपई, पाय बांधलेला कोंबडा. लिलाव सुरू होतो. बोली करणारे पंच आठवड्याभराचा घसा इथेच मोकळा करतात. रिक्षा चालवणारा एक भाऊ साध्या भोपळ्यावर पाचशे रुपये बोलतो, पैसे देतो आणि भोपळा परत टेबलावर ठेवतो. तो पुन्हा लिलावात. दुसरी एक आजी साडीच्या टोकाची गाठ सोडून तोच भोपळा दोनशेला घेते आणि तीही परत ठेवते. हिशेब काही जुळत नाही, भोपळा मात्र हलायला तयार नाही.

जोशीकाका हे बराच वेळ पाहतील. मग तुमच्याकडे वळून हळूच म्हणतील, 'अहो, हे लोक भोपळा घरी का नेत नाहीत?'

झालं. काकांनी विचारलं आहे. उत्तर द्या, पण थोडक्यात. पुढची बोली गावरान अंड्यांवर आहे आणि काकांचा हात खिशात गेलेला आहे.